गल्फात बिऱ्हाड हलवताना: गोव्याहून दुबईला जाणाऱ्या कुटुंबासाठी

गोव्यात वाड्यावरचं एखादं तरी माणूस गल्फात असतंच, त्यामुळे जाणाऱ्याला सल्ला देणारे पैशाला पासरी भेटतात. पण त्यातले बरेचसे एकटे गेलेले असतात. एकट्या माणसाचं कंपनी बघते: व्हिसा तिचा, खोली तिची, विमा तिचा. बायको-मुलांना न्यायचं म्हटलं की हीच कामं तुमच्या डोक्यावर येतात आणि ती एकमेकांत अडकलेली असतात. एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं सरकारी ओळखपत्र, हातात आल्याशिवाय बँक धड खातं उघडत नाही. खात्याशिवाय चेकबुक नाही, चेकबुकाशिवाय घर नाही, घराचा नोंदवलेला करार नसेल तर कुटुंबाचा व्हिसा नाही, आणि व्हिसा नसेल तर मुलांचा शाळाप्रवेश अर्ध्यावर लटकतो.

म्हणून सगळ्यांनी एकदम विमानात बसू नये. ज्याची किंवा जिची नोकरी, त्या माणसाने आधी जावं, बाकीच्यांनी अडीच-तीन महिन्यांनी. मुलांना घेऊन हॉटेलात काढलेला एक महिना खिशाला फार जड पडतो, आणि मागे राहिलेल्या माणसाला गोव्यातली कामं उरकायला तेवढा वेळ लागतोच.

इथलं सगळं दुबई धरून लिहिलं आहे. अबू धाबी आणि शारजात घराच्या नोंदणीपासून शाळेच्या सुट्टीपर्यंत बरंच वेगळं असतं.

आधी कागद

कुटुंबाचा व्हिसा दोन कागदांवर उभा असतो: लग्नाचा दाखला आणि प्रत्येक मुलाचा जन्मदाखला. कपाटातली जुनी प्रत काढू नका, नवीन प्रमाणित प्रत घ्या. लॅमिनेशन केलेला दाखला तर बादच समजा, कारण त्याच्या पाठीवर शिक्के मारता येत नाहीत. प्लास्टिक सोलायला गेलात तर सही-शिक्क्यासकट कागद निघून येतो.

लग्नाच्या दाखल्यात गोव्याची खास मेख आहे. इथे सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा जावं लागतं. पहिली सही म्हणजे लग्न करण्याच्या इराद्याची घोषणा. मधली मुदत संपल्यावर दुसरी सही होते, आणि तेव्हाच लग्नाची नोंद पुस्तकात चढते. पहिली सही झाली, पाठोपाठ भटजींनी मंगलाष्टकं म्हटली, पाहुणे जेवून गेले आणि दुसरी सही राहूनच गेली, अशी जोडपी गोव्यात कमी नाहीत. त्यांच्याकडे फोटोंचा आल्बम असतो, दाखला नसतो. लग्नाला दहा वर्षं झाली असली तरी आधी रजिस्ट्रारच्या कार्यालयात जाऊन नोंद खरंच आहे का ते बघा.

मग नावं. इथे सगळ्यात जास्त अर्ज अडतात. आपल्याकडे अनेक घरांत लग्नानंतर मुलीचं आडनावच नव्हे, पाळण्यातलं नावही बदलतं. नोंदणी धार्मिक विधीच्या आधी झालेली असते, म्हणून लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव. पासपोर्ट कॉलेजात असताना काढलेला, त्यावरही माहेरचंच. मुलाच्या जन्मदाखल्यावर मात्र आईच्या रकान्यात सासरचं. समजा दाखल्यावर आणि पासपोर्टवर ‘सुलक्षा रमाकांत गावडे’ आहे आणि मुलाची आई म्हणून ‘स्नेहा दीपक नाईक’. दुबईतल्या कारकुनाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका. एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र भारतात पुष्कळ ठिकाणी चालून जातं, तिथे त्यावर भिस्त ठेवू नका.

यातून दोन वाटा निघतात. मुलाच्या जन्मनोंदीत आईचं नाव दुरुस्त करून ते पासपोर्टशी जुळवणं, किंवा १९९० च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखाली अर्ज करून नवीन नावाने पासपोर्ट घेणं. पहिली वाट बरी. दुसरीत पासपोर्ट बदलला की आधार, पॅन, बँक, पदवीचं प्रमाणपत्र अशी रांगच लागते.

जुन्या घराण्यांत आणखी एक भानगड असते, पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं. आजोबांच्या नोंदीत नाईक हे आडनाव ‘एन-ए-आय-क्यू-यू-ई’ असं, वडिलांच्या दाखल्यावरही तसंच, आणि तुमच्या शाळेच्या दाखल्यावर साधं ‘एन-ए-आय-के’. नवरा-बायको-मुलं या तिघांच्या कागदांपुरतं स्पेलिंग एक असलं की भागतं, आजोबांपर्यंत जायची गरज नाही. पण तुमच्या पासपोर्टवर एक आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावात दुसरं असेल, तर ते गोव्यातच निस्तरून घ्या.

नावं जुळली की साक्षांकन, म्हणजे कागद खरा असल्याचे सरकारी शिक्के. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत हे देश हेग अपोस्टिल करारात (एकाच शिक्क्यावर एकमेकांचे कागद मान्य करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) नाहीत, म्हणून त्यांना अपोस्टिलचा शिक्का चालत नाही. ओमान, बहरीन आणि २०२२ च्या डिसेंबरपासून सौदी करारात आहेत, त्यांना अपोस्टिल पुरतो. एजंटने ‘अपोस्टिल करून देतो’ म्हटलं तर देश कुठला ते त्याला आधी ऐकवा. अमिरातीसाठी क्रम असा: राज्य सरकारच्या अधिकृत अधिकाऱ्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग भारतातला अमिरातीचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास, आणि शेवटी दुबईत पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. यातली एक पायरी गाळली तर पुढचा शिक्का मिळत नाही. परराष्ट्र मंत्रालय भारतात व्यक्तीकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फत घेतं. दीड-दोन महिने धरून चला, आणि नोकरीला पदवी लागणार असेल तर तीही याच फेरीत घाला. पदवीला राज्याच्या पायरीवर शिक्षण खातं असतं.

अरबी भाषांतर गोव्यात करून घेऊ नका. अमिरातीत परवाना असलेल्या कायदेशीर भाषांतरकाराचंच लागतं, ते तिथे एका दिवसात होतं.

पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी, मुलांच्या पासपोर्टचीही. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, हे ऐन वेळी आठवतं. पासपोर्टवर नाव एकाच शब्दाचं असेल, आडनावाचा रकाना कोरा असेल, तर अमिराती २०२२ पासून अशा प्रवाशांना अडवते. आधी पणजीच्या पासपोर्ट कार्यालयात दुरुस्ती करा. नोकरीवर जाणारा दहावी पास नसेल तर त्याच्या पासपोर्टला इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून.

एजंटमार्फत जात असाल तर भारतीय नियमाने नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. अमिरातीच्या कायद्याने भरतीचा खर्च मालकाचा. लाखात आकडा सांगणारा, किंवा ‘व्हिजिट व्हिसावर चला, तिथे बदलून देतो’ म्हणणारा भेटला तर चहा पिऊन परत या.

घर, पैसा आणि फोन

घर बंद करून जाताना बहुतेकांना कौलं आठवतात, कुलमुखत्यारपत्र आठवत नाही. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. जमीन विकायची, गहाण टाकायची तर दोघांच्याही सह्या लागतात. नवऱ्याने एकट्याने भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवलं तर व्यवहाराच्या दिवशी बायकोच्या सहीपाशी सगळं थांबतं. जाण्यापूर्वी दोघांनी मिळून करा, आणि भाडं वसूल करणं, पंचायतीची घरपट्टी भरणं, वीजखात्याचं काम बघणं एवढेच अधिकार लिहा. विक्रीचा अधिकार ‘असू दे, कधी लागला तर’ म्हणून देऊ नये. हेच पत्र नंतर दुबईतून केलं तर भारतीय वाणिज्य दूतावासात सह्या कराव्या लागतात, आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. तो चुकला तर पत्र घरात पडून राहतं.

बँकेत जाऊन सांगा की तुम्ही अनिवासी होताय. सध्याचं बचत खातं एनआरओ होतं, त्यात गोव्यातलं भाडं, लाभांश वगैरे जमा होतं. दुबईचा पगार पाठवायला एनआरई खातं वेगळं उघडा, त्याच्या व्याजावर भारतात कर नाही. एनआरओच्या व्याजावर मात्र ३० टक्के आणि वर उपकर बँक आधीच कापते. जुनं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही. प्राप्तिकराचं गणित दिवसांचं आहे. नोकरीसाठी जाणारा माणूस त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर अनिवासी ठरतो, म्हणजे सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्याच्या आत निघालात तर त्याच वर्षी.

भारतीय सिमकार्ड मरू देऊ नका. बँकेचे, आधारचे, प्राप्तिकराचे सगळे ओटीपी त्यावरच येतात. जाण्याआधी रोमिंग चालू करून घ्या, दुबईत बसून ते सुरू करायला जाल तर त्यासाठीही ओटीपीच मागतात.

बॅग भरताना

सगळ्यात आधी खसखस बाहेर काढा. आपल्याकडे ती शागुतीत पडते, अनारशांवर लागते, कुठल्या कुठल्या लाडवातही असते. अमिरातीत ती अमली पदार्थांच्या यादीत आहे आणि विमानतळावर सापडली तर ‘मसाला आहे हो’ हे उत्तर ऐकून कुणी सोडत नाही. सुट्टी पुडी कोणी नेत नाही, घोळ होतो तो घरी वाटलेल्या मसाल्याच्या बरणीत. आईने प्रेमाने भाजून दिलेल्या शागुती मसाल्यात सुकं खोबरं, धणे, बडीशेप, दालचिनी यांच्याबरोबर दोन चमचे खसखस असतेच. तिला आधी सांगा की या खेपेला त्याऐवजी तीळ किंवा काजू घाल. विकतच्या पाकिटावरचे घटक वाचा. दिवाळीला फराळाचं पार्सल पाठवणाऱ्या नातेवाइकांनाही हे कळवून ठेवा, कारण ते तुम्हाला न विचारताच पाठवतात.

औषधांचं तसंच. ट्रामाडोल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या तिथे नियंत्रित आहेत. त्यांना तिथल्या आरोग्य खात्याची आगाऊ ऑनलाइन परवानगी लागते. बाकीच्या रोजच्या गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या सही-शिक्क्याच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. आठवड्याच्या डबीत मोकळ्या केलेल्या गोळ्या नेऊ नयेत.

फेणी नेता येते, मर्यादेत. चेक-इन सामानात २४ ते ७० टक्के मद्यार्काची दारू माणशी पाच लिटरपर्यंत चालते, पण दुबईच्या कस्टम्सची करमुक्त मर्यादा चार लिटरची आहे, म्हणून चारवर थांबा. बाटली बंद, सीलसह हवी. नातेवाइकाने गाळलेली, पाण्याच्या बाटलीत भरलेली नको. तिकीट शारजाचं असेल तर बेतच सोडा, त्या अमिरातीत दारूबंदी आहे.

सोलां (आमसुलं), सुकी सुंगटां (कोळंबी), गालमो (सुका जवळा) घट्ट बांधून न्या. उकडे तांदूळ नेण्यात वजन घालवू नका, केरळचा मट्टा सगळीकडे मिळतो आणि पेजेला चालतो. मिक्सर न्या. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आहे, फक्त भोकं ब्रिटिश तीन चौकोनी पिनांची, तेवढा ॲडॉप्टर घ्या.

आधी गेलेल्या माणसाचे पहिले सहा आठवडे

राजीनामा देण्याआधी गोव्यातच छातीचा एक्सरे काढून घ्या. निवासी व्हिसासाठी १८ वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्ततपासणी आणि छातीचा एक्सरे होतो. लहानपणी क्षयरोग होऊन गेला असेल आणि फुफ्फुसावर डाग राहिला असेल तर तिथे पुढच्या तपासण्या मागे लागतात. उपचार पूर्ण झाल्याचे कागद जवळ हवेत.

ऑफर लेटरमध्ये एकूण पगारापेक्षा ‘मूळ पगार’ हा आकडा बघा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात: पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा, पुढे ३० दिवसांचा. कुटुंबाला आणण्यासाठी पगार निदान ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० आणि राहायची जागा, असा हवा. बायको मिळवती असेल तर ती नवऱ्याला आणि मुलांना आणू शकते. ४,००० ही व्हिसाची अट झाली. त्या पगारात शाळेत जाणाऱ्या मुलांसह दुबईत घर चालत नाही, हे मनाला आधीच सांगावं.

पोचल्यावर क्रम असा: वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी, बँक खातं, चेकबुक. दिरहॅम १९९७ पासून अमेरिकी डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. म्हणून रुपया-दिरहॅम दर बघताना बातम्यांतला डॉलर बघितला तरी पुरतो. बेकारी विमा सक्तीचा आहे आणि तो कर्मचाऱ्याने स्वतः काढायचा असतो: मूळ पगार १६,००० पर्यंत असेल तर महिना ५ दिरहॅम, वर असेल तर १०. रक्कम क्षुल्लक म्हणून लोक विसरतात आणि ४०० दिरहॅम दंड भरतात.

घर

दुबईत भाडं वर्षाचं सांगतात आणि पुढच्या तारखांचे चेक देऊन भरतात. एक चेक, दोन, चार, कधी जास्त. चेक जितके कमी तितकं भाडं उतरतं. वार्षिक ६०,००० दिरहॅमचं, सामान नसलेलं घर चार चेकांवर घेतलं तर किल्ली मिळायच्या दिवसापर्यंत किती लागतात ते बघा. पहिला चेक १५,०००. अनामत पाच टक्के, म्हणजे ३,००० (फर्निचर असेल तर दहा टक्के). एजंटची दलाली साधारण पाच टक्के, आणखी ३,००० आणि तिच्यावर पाच टक्के व्हॅट १५०. काही एजंट किमान रक्कम ठरवून ठेवतात, ती आधी विचारा. वीज-पाणी पुरवणाऱ्या ‘देवा’ (डीईडब्ल्यूए) या संस्थेची अनामत फ्लॅटला २,००० आणि जोडणीचे थोडे. करार ‘इजारी’त, म्हणजे भाडेकरारांच्या सरकारी नोंदणीत, चढवण्याची फी वेगळी. झाले २३,००० च्या वर, आणि अजून गादी आलेली नाही. हे पैसे पहिल्या दोन पगारांतून निघत नाहीत. गोव्याहून न्यायचे की कंपनीकडून भाड्याची उचल घ्यायची, ते जाण्याआधी ठरवा.

‘देवा’चं पहिलं बिल बघून लोक दचकतात. वीज कमीच जळालेली असते, पण वार्षिक भाड्याच्या पाच टक्के इतका पालिकेचा घरकर त्याच बिलातून महिन्याला कापतात. वरच्या घराला तो वर्षाचे ३,०००, म्हणजे महिना २५० पडतो. दुसरा धक्का थंडाव्याचा. इमारतीला एसीसाठी बाहेरच्या कंपनीकडून थंड पाणी येत असेल तर त्या कंपनीची अनामत वेगळी, आणि वापर शून्य असला तरी ठरावीक आकार चालूच. मे महिनाभर तुम्ही गोव्यात साखळी गावी आंबे खात बसलात तरी बिल येतं. घर बघताना ‘चिलर फ्री आहे का’, म्हणजे थंडाव्याचा खर्च घरमालकाकडे आहे का, हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारा.

इजारी झाल्यावर घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं ‘दुबई रेस्ट’ ॲपवर चढवायची असतात. कराराच्या अटी बदलायच्या तर नूतनीकरणाच्या ९० दिवस आधी कळवावं लागतं, दोन्ही बाजूंनी. घरमालकाने शेवटच्या महिन्यात भाडं वाढवलं तर हा ९० दिवसांचा नियम त्याच्यासमोर ठेवा. विकायचं किंवा स्वतः राहायचं म्हणून घर खाली करून हवं असेल तर त्याला नोटरी किंवा नोंदणीकृत टपालाने १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. चेक मात्र सांभाळा. २०२२ पासून न वटलेल्या चेकाचा मामला बहुतेक वेळा फौजदारी राहिलेला नाही, पण त्याच चेकावर थेट वसुलीची कारवाई सुरू होते.

स्वस्त पडतं म्हणून शारजात घर आणि दुबईत नोकरी, हा बेत एकट्या माणसाला जमतो. मुलांसह नको. रोज दोन्ही वेळा अडकणारा रस्ता सोडला तरी सुट्ट्या जुळत नाहीत: दुबईत शनिवार-रविवार, शारजात शुक्रवारपासून तीन दिवस. शुक्रवारी मूल घरी आणि दोघंही कामावर.

कुटुंबाचा व्हिसा

इजारी, साक्षांकित आणि भाषांतरित दाखले, पगारपत्र, एमिरेट्स आयडी आणि पासपोर्टच्या प्रती एवढं जमलं की अर्ज करा. पहिल्यांदा प्रवेश परवाना येतो, त्यावर बायको-मुलं देशात शिरतात. शिरल्यापासून ६० दिवसांच्या आत वैद्यकीय तपासणी, आयडी आणि निवासी व्हिसा उरकायचा. पंधरा दिवस पुरतात, पण मधे ईदची सुट्टी आली की लांबतं. मुलगा अविवाहित असेल तर २५ वर्षांपर्यंत, अविवाहित मुलगी कुठल्याही वयाची तुमच्या व्हिसावर राहू शकते.

दुबईत आरोग्य विमा नसेल तर व्हिसा होत नाही. कंपनी कर्मचाऱ्याचा काढते, कुटुंबाचा काढायला ती बांधील नाही. पॉलिसी घेताना जुने आजार कधीपासून धरणार, बाळंतपणाला किती काळ थांबावं लागणार आणि दवाखान्याच्या दर बिलात तुमचा वाटा किती, हे तीन रकाने वाचा.

शाळा

गोव्याच्या पालकांना इथे वेगळाच पेच पडतो. सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी किंवा कोकणी माध्यमाची, इंग्रजी माध्यम पाचवीपासून. तिसरी-चौथीतलं मूल हुशार असतं, पाढे तोंडपाठ असतात, पण दुबईतल्या सीबीएसई शाळेच्या प्रवेशचाचणीत ‘तेवीस अठ्ठे’ विचारायचं सोडून गणित इंग्रजी गोष्टीत घालून देतात आणि मूल गप्प बसतं. त्याला गणित येतं, प्रश्न कळत नाही. मागे राहिलेल्या पालकाच्या हातात ते अडीच महिने आहेत. रोज अर्धा तास इंग्रजी शाब्दिक उदाहरणं मोठ्याने वाचून घ्या, व्याकरणाच्या मागे लागू नका.

भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश सप्टेंबरमध्ये. दुबईतल्या खासगी शाळांवर केएचडीए ही संस्था देखरेख करते, शाळांची प्रतवारी आणि मंजूर फी तिच्या संकेतस्थळावर असते. फीच्या आकड्यात बस, गणवेश, पुस्तकं धरलेली नसतात, बसचा आकडा वेगळा विचारा. बिगर अरब मुलांनाही नववीपर्यंत अरबी सक्तीचं आहे, पण ती वेगळ्या पायरीवर शिकवतात, घाबरायचं कारण नाही. मराठी विषय म्हणून मिळणं कठीण. वाचन टिकवायचं तर पुस्तकं बॅगेतून नेली पाहिजेत.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वरच्या इयत्तेत जाण्यास पात्र’ हे वाक्य असावं, आणि त्यावर शिक्षण खात्याची प्रतिस्वाक्षरी घ्या. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे.

मूल नववीत किंवा अकरावीत असेल तर थांबा. सीबीएसई नववीत आणि अकरावीत नोंदणी करते, गोवा मंडळाची नववी करून थेट सीबीएसईच्या दहावीत जाणं सहसा होत नाही. बोर्डाची परीक्षा इथेच देऊ द्या. पुढे गोव्यातच वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला घालायचा विचार असेल तर प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेतली निवासाची अट आजच वाचून ठेवा, अकरावी-बारावी बाहेर केल्याने जागा हुकू शकते.

रोजचं जगणं

गोव्यातल्या आजी-आजोबांच्या फोनमध्ये निघण्याआधीच बोटिम किंवा तिथे मान्य असलेलं दुसरं ॲप घालून, दोनदा कॉल करून दाखवा. अमिरातीतून व्हॉट्सॲपवर संदेश जातात, कॉल लागत नाही. त्यासाठी व्हीपीएन लावण्याचा फुकट सल्ला घेऊ नका, त्याचा गैरवापर गुन्हा आहे. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुलं रात्री साडेनऊला फोन लावतात तेव्हा गोव्यात, सत्तरी तालुक्यात, अकरा वाजलेले असतात.

दुसरी एक गोष्ट आपल्या लोकांना पटत नाही, पण पाळावी लागते: परवाना नसताना देणग्या गोळा करायच्या नाहीत. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार असो की कुणाच्या ऑपरेशनची मदत, व्हॉट्सॲप गटावर ‘प्रत्येकी शंभर दिरहॅम’ टाकणं तिथे कायद्याचा भंग आहे. स्वतःचा वाटा आपल्या एनआरई खात्यातून गावी परस्पर पाठवा.

मेट्रोत नोल हे प्रवासाचं कार्ड लागतं, बायका-मुलांचा डबा वेगळा असतो, आणि डब्यात खाल्लं किंवा च्युइंगगम चघळलं तर १०० दिरहॅम दंड होतो. भारतीय वाहन परवाना निवासी झाल्यावर चालत नाही. तिथे प्रशिक्षण आणि चाचणी द्यावी लागते, तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात.

मासळीला देराचं वॉटरफ्रंट मार्केट गाठा. इसवणाला तिथे कनद म्हणतात, हमूर म्हणजे आपला गोब्रो. बांगडे मिळतात. साफ करून देणारे वेगळे बसतात, त्यांना ‘हुमणाचे तुकडे’ म्हणून कळत नाही, बोटाने जाडी दाखवा. जून ते सप्टेंबर मासळी घेऊन मेट्रोने येऊ नका, बर्फाचा डबा गाडीत असू द्या.

चवथीला मूर्ती बर दुबईच्या मीना बाजार भागात मिळते. लहान, मातीची घ्या, विसर्जन घरीच बादलीत. समुद्रात किंवा खाडीत नाही. माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान बॅगेतून आणू नका: झाडपाला, बी-बियाणं, माती विमानतळावर अडवतात. नारळ, सुपारी, केळी, काकडी आणि बाजारात सापडेल त्या फळांची माटोळी बांधा. देवदर्शनाला २०२२ मध्ये उघडलेलं जेबेल अलीचं मंदिर आहे.

गोव्यालाच चवथ करायची असेल तर तिकीट शाळेची सुट्टी लागण्याआधी बांधा, आणि त्यावर ‘गोवा’ एवढंच वाचून थांबू नका. विमान दाबोळीला उतरतं की मोपाला, ते कोड बघून ठरवा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. न्यायला येणाऱ्या भावाला तोच कोड पाठवा, नाहीतर तो वास्कोला उभा राहील आणि तुम्ही पेडण्यात.